अर्धवेळ कामगाराची भरपगारी रजा : दापोली किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं प्रकरण

ऑगस्ट २०२४. दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टच्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मालकांची सूचना आली : "गणपतीत जे येणार नाहीत त्यांचा खाडा धरला जाईल. पार्ट-टाइमवाल्यांना भरपगारी रजा लागू नाही." चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मुंबईचा चाकरमानी साहेबाशी भांडून, मिळेल ती गाडी पकडून गावी येतो. आणि गावातच राहणाऱ्या बाईने घरचा गणपती सोडून पाहुण्यांच्या खोल्या आवरायच्या, हे कोकणात कोण ऐकून घेईल? दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलेल्या बायकांनी झाडू हातात घेण्याआधी मालकांना गाठलं.

या रिसॉर्टचं हजेरीबुक आणि पगारपत्रक माझ्याकडे असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच विचारलं. गाव आणि नावं मुद्दाम गाळली आहेत. प्रकरण लिहून ठेवतोय कारण रजेचा असाच घोळ हर्णैपासून गुहागरपर्यंत अनेक रिसॉर्टांत, काजू कारखान्यांत, दवाखान्यांत आणि दुकानांत चालू आहे. बहुतेक ठिकाणी तो कुणाच्या वाईट हेतूने होत नाही, चुकीच्या गणिताने होतो.

रिसॉर्टमध्ये एकूण १२ कामगार. पाच पूर्णवेळ, सात अर्धवेळ. मालकांच्या घरची दोन माणसं गल्ल्यावर बसतात, ती यात धरलेली नाहीत. मालकांचा पहिला मुद्दा इथेच होता. "कायदा दहा माणसांच्या वर लागतो ना? माझी माणसं पाचच. बाकीच्या येऊन-जाऊन आहेत."

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. १९४८ च्या जुन्या कायद्याची व्याप्ती ठरावीक क्षेत्रांपुरती असे. नवा कायदा सगळ्या राज्याला आहे, त्यामुळे "हे खेडेगाव आहे, इथे गुमास्ता कायदा नाही" हे आता चालत नाही. हॉटेलं, खाणावळी, रिसॉर्ट त्यात येतात. कामगार म्हणजे मोबदला घेऊन अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारी व्यक्ती. दिवसाला किती तास किंवा आठवड्याला किती दिवस काम केलं म्हणजे कामगार होतो, अशी अट त्या व्याख्येत कुठेच नाही. डोकी मोजायची, तास मोजायचे नाहीत. त्या हिशेबाने बारा डोकी, आणि तेव्हाची मर्यादा दहाची. म्हणजे कायदा लागू.

अर्धवेळ माणूस हा कामगारच, याला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स कंपनीत झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या एका अर्धवेळ कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २००८ साली न्यायालयाने सांगितलं की तोही औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार आहे. त्या निकालाचा विषय रजेचा नव्हता, कामावरून काढताना द्यायच्या नोटिशीचा आणि भरपाईचा होता, कायदाही वेगळा. पण "अर्धवेळ म्हणजे आपला माणूस नाही" ही समजूत किती कच्ची आहे, हे त्यावरून कळतं. मालकांनी हे शांतपणे ऐकलं आणि डोक्यांचा मुद्दा सोडून दिला.

खरी गुंतागुंत पुढे होती, कारण अर्धवेळ हा एकच प्रकार नसतो. रिसॉर्टमध्ये बायकांना एकमेकींनी दिलेली नावंच मी वापरतो : सकाळवाली, सुट्टीवाली आणि धुण्याच्या काकू.

सकाळवाली आठवड्याचे सहाही दिवस येते, आठ ते बारा. खोल्या झाडणं, चादरी बदलणं, बाथरूम धुणं. चार तासांचे २५० रुपये. पूर्णवेळवाल्यांचा त्याच कामाचा आठ तासांचा रोज ५०० रुपये. २०२३ सालात हजेरीबुकात तिचे २८० दिवस भरले होते.

कायदा असं सांगतो : एका वर्षात २४० किंवा जास्त दिवस काम केलेल्याला पुढच्या वर्षी, काम केलेल्या दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. शिवाय वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा, म्हणजे आपण जिला सीएल म्हणतो ती. तिमाहीनुसार खात्यावर जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. शिवाय आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या.

२८० भागिले २० म्हणजे १४ दिवस. मालकांचा हिशेब ठेवणाऱ्या भाच्याने एक्सेलमध्ये मांडले होते ७, आणि त्यापुढे दर २५० रुपये. एकूण १,७५०.

हा आकडा मी त्याच्याबरोबर बसून पुन्हा केला, कारण सगळं प्रकरण या एका ओळीत होतं. बाई अर्धा दिवस काम करते म्हणून त्याने रजेचे दिवस अर्धे केले. ठीक, तसंही मोजता येतं. पण मग त्या सात रजा पूर्ण दिवसाच्या झाल्या, त्यांना ५०० चा दर लागतो, आणि होतात ३,५०० रुपये. नाहीतर दिवस चौदाच ठेवायचे आणि दर तिचा स्वतःचा, २५० चा. तरीही ३,५०० च होतात. त्याने दिवसही अर्धे केले आणि दरही अर्धा लावला. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. पूर्णवेळ बाईला त्या जागी ७,००० मिळाले असते, हिला १,७५०. सीएलचंही तसंच : आठच्या चार आणि वर दर अर्धा.

भाचा हुशार मुलगा आहे, त्याच्या लगेच लक्षात आलं. सकाळवालीला समजावताना मी पैशांची भाषा सोडली. म्हटलं, "वहिनी, तुमचा दिवस चार तासांचा. रजा घेतली की तुमचा तोच दिवस भरून मिळणार. पूर्णवेळवालीला तिचा आठ तासांचा. दिवस दोघींना सारखेच." ती म्हणाली, "मग आम्हांला कमी काय पडलं?" काहीच नाही, आणि जास्तही काही नाही. आपोआप प्रमाणात राहणारा हा नियम मला या कायद्यातला सगळ्यात सरळ भाग वाटतो. रोज थोडे तास येणाऱ्यावर तो अन्याय करत नाही, फक्त तो तसाच्या तसा लावला पाहिजे. सकाळवालीचे १४, ८ आणि ८ मिळून ३० दिवस झाले, वर्षाचे ७,५०० रुपये.

दर ठरवताना आधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी घ्यायची आणि जादा तासांचे पैसे सोडायचे, असं आम्ही ठरवलं. मे महिन्यात सकाळवाली कधीकधी दुपारी दोनपर्यंत थांबते. ते ओव्हरटाइम म्हणून वेगळे दिले जातात, म्हणून सरासरीत धरले नाहीत. पण एखादी बाई महिनोन् महिने रोजच दोनपर्यंत थांबत असेल तर तिचा दिवस सहा तासांचा झाला असं मी मानेन, आणि रजेचा पगारही सहा तासांचा धरेन. चार तासांची नेमणूक आणि सहा तासांचं काम हा प्रकार किनाऱ्यावर सर्रास आहे.

एक्सेलच्या दुसऱ्या पानावर १२.०७ टक्के असं लिहिलेलं होतं. भाच्याने ते इंटरनेटवरून उतरवलेल्या एका तक्त्यातून घेतलं होतं. हा आकडा ब्रिटनचा. तिथे कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा असते. ५२ मधून ५.६ वजा केले की ४६.४ आठवडे कामाचे उरतात, आणि ५.६ भागिले ४६.४ म्हणजे १२.०७ टक्के. तिथेही या टक्केवारीवरून मोठा वाद झाला. वर्षातले काही आठवडेच शिकवणाऱ्या एका संगीतशिक्षिकेच्या दाव्यात जुलै २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही टक्केवारी नाकारली आणि तिला पूर्ण ५.६ आठवडे दिले. मग सरकारने नियम बदलले. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांत, अनियमित तासांच्या आणि वर्षाचा काही भागच काम करणाऱ्या कामगारांसाठी १२.०७ टक्के पुन्हा आले. आपल्याकडच्या कायद्याशी याचा काही संबंध नाही, म्हणून ते पान पुसायला लावलं. पण तिथल्या पद्धतीतला एक आकडा मी लक्षात ठेवला, कारण तो सुट्टीवालीच्या बाबतीत कामाला आला.

सुट्टीवाली स्वयंपाकघरात असते. शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी सातपासून आठ तास. पाहुण्यांना घावणे, तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. रिसॉर्टची निम्मी कीर्ती तिच्या हातची आहे आणि मालकही ते मान्य करतात. रोज ६०० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे गुणिले तीन म्हणजे १५६ दिवस. एकही खाडा न करता ती १५६ च्या वर जाऊ शकत नाही, आणि अट २४० ची. म्हणजे वीस दिवसांमागे एक ही रजा तिला कधीच लागू होणार नाही, दहा वर्षं काम केलं तरी.

सकाळवालीचे २८० दिवस गुणिले चार म्हणजे १,१२० तास. सुट्टीवालीचे १५६ दिवस गुणिले आठ म्हणजे १,२४८ तास. जास्त तास राबणारीला ती रजा शून्य आणि कमी तासवालीला चौदा. कायदा दिवस मोजतो म्हणून एकीचं भलं होतं आणि त्याच कारणाने दुसरीचं नुकसान. ही अट मला अन्यायाची वाटते. आठवड्यातून तीन-चार दिवस पूर्ण राबणाऱ्या माणसांचा पर्यटनात जो मोठा वर्ग तयार झालाय, त्याच्याकडे ती लिहिताना कुणी पाहिलेलं दिसत नाही.

सीएलच्या आठ दिवसांना २४० ची अट नाही. "प्रत्येक कामगार" असा शब्द आहे, म्हणून तिला आठ. सणाच्या सुट्ट्यांनाही तोच शब्द. पण इथे मालक अडले. त्यांचं म्हणणं : "१ मेला बुधवार होता. बुधवारी ती तशीही घरी असते. तिचा रोज बुडला कुठे, की मी तो भरून देऊ?"

मुद्दा पोरकट नव्हता. २०२४ चं कॅलेंडर उघडलं. २६ जानेवारी शुक्रवार. १ मे बुधवार, १५ ऑगस्ट गुरुवार, २ ऑक्टोबर बुधवार. चार सणांत कामगारांनी शिमग्याची धुळवड, चतुर्थी, गौरीपूजन आणि गौरी-गणपती विसर्जन मागितलं होतं. ते अनुक्रमे सोमवार, शनिवार, बुधवार आणि गुरुवार. आठांपैकी दोनच तिच्या कामाच्या वारी. पूर्णवेळवाल्यांचा साप्ताहिक सुट्टीचा वार मंगळवार, आणि आठांतला एकही सण मंगळवारी नाही. त्यांना आठ भरपगारी सुट्ट्या आणि हिला दोन, केवळ कॅलेंडरच्या लहरीवर.

मी मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. कायद्याच्या मजकुरात आठ आहेत, "कामाच्या वारी आले तर" अशी पुस्ती नाही. कमी दिल्या तर जोखीम तुमची. दुसरी गोष्ट ब्रिटनच्या आकड्याची. तिथे आठवड्याला तीन दिवस काम करणाऱ्याला ५.६ गुणिले ३, म्हणजे १६.८ दिवस मिळतात, सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरून. आपली सुट्टीवाली आठ सीएल आणि आठ सण मिळून १६ वर येते. तुम्ही तिच्यावर उधळपट्टी करत नाही आहात, तीन दिवसांच्या आठवड्याला ब्रिटनमध्ये जितकी रजा रास्त मानली जाते जवळपास तितकीच देताय.

शेवटी ठरलं असं : ज्या सुट्ट्या तिच्या वारी येत नाहीत त्यांच्या बदली तिने शुक्रवार ते रविवारमधला दिवस निवडायचा, भरपगारी. मालकांची अट एकच, बदली दिवस मे महिन्यात आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात घ्यायचा नाही. ती लगेच कबूल झाली. वर्षाचे १६ गुणिले ६००, म्हणजे ९,६०० रुपये. २४० ची अट न लावता तिलाही वीसामागे एक द्या, असं मी सुचवलं होतं. १५६ ला सात दिवस बसले असते. मालकांनी ते मानलं नाही. कायद्याने बांधलेले नाहीत, त्यामुळे मला आग्रहापलीकडे काही करता आलं नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

धुण्याच्या काकूंचं प्रकरण पावसाळ्याचं. त्याही रोज अर्धा दिवस येतात, पण जून-जुलैत खोल्या रिकाम्या असल्या की रात्री निरोप यायचा, "काकू, उद्या येऊ नका." २०२३ च्या हजेरीबुकात त्यांचे २३१ दिवस. नऊ दिवसांनी २४० हुकले. काकूंनी नातीकडून मोबाइलमधले जुने निरोप काढून आणले. मालकांनी पाठवलेले "उद्या येऊ नका" असे चौदा निघाले. हजेरीबुकात ते चौदाही दिवस खाडा म्हणून लाल शाईत होते.

काम नाही म्हणून मालकानेच घरी बसवलं तर तो कामगाराचा खाडा कसा? तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये हे स्वच्छ लिहिलं होतं : ले-ऑफचे दिवस, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने बसवलेले, २४० पुरे झाले की नाही हे पाहताना धरायचे, मात्र त्या दिवसांवर रजा चढत नाही. तेच तत्त्व आम्ही इथे लावलं. २३१ आणि १४ मिळून २४५, पात्रता झाली. रजा मात्र प्रत्यक्ष २३१ दिवसांवर, वीसाने भागून पूर्ण दिवस ११. लाल शाईचे खाडे खोडून तिथे "काम नाही" असं लिहिलं. भरती-ओहोटीसारखं ज्यांचं काम कमी-जास्त होतं त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, असे निरोप पुसू नका.

सणांचा प्रश्न सगळ्यात लवकर सुटला, कारण तो बायकांनीच सोडवला. मालकांना भीती दिवाळीची होती. पाऊस संपून गर्दीचा हंगाम तिथूनच उघडतो. सकाळवाली म्हणाली, "दिवाळीत आम्ही येतो भाऊ. फराळ आदल्या रात्री करू. पण गौरीच्या दिवशी नाही." तिच्या घरी नव्या सुनेचा पहिला ओवसा होता, म्हणजे गौरीपुढे सुपं भरून ठेवायची रीत, सुपं भरायची होती, माहेरची माणसं यायची होती. दिवाळीचा एकही दिवस यादीत नको आणि गौरी-गणपतीचे तीन हवेत, एक शिमग्याचा. हे जानेवारीआधी ठरायला हवं होतं, ठरलं ऑगस्टच्या शेवटी. धुळवडीचा रोज मागाहून दिला. चतुर्थी ते विसर्जन या मधले दिवस सीएलमधून घ्यायचे, आणि रिसॉर्टमध्ये दोघीजणी पाळीने, ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे त्यांनी तिसऱ्या दिवसापासून यायचं, हेही त्यांनीच लावून दिलं.

मागच्या वर्षांची थकबाकी मात्र मिळाली नाही. फक्त चालू वर्षाचं ठरलं. बायकांना कामगार कार्यालयात दाद मागता आली असती, तो मार्ग मी त्यांना सांगितला. पण त्यासाठी रत्नागिरीला खेटे घालायचे आणि तेवढे रोज बुडवायचे, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

मग सगळं कागदावर आणलं. प्रत्येकीला मराठीत एक पानाचं नेमणूकपत्र : कामाचे वार, वेळ, रोज, रजा तीन प्रकारच्या किती, रजेच्या दिवसाचा दर कसा काढायचा, बदली दिवस कसा घ्यायचा. हजेरीबुकात रजेचा रकाना वेगळा केला. मालकांना हे जास्तीचं वाटत होतं, "तोंडी ठरलंय ना?" म्हणत होते.

त्या कागदाची किंमत वर्षभराने कळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून या कायद्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. बारा माणसांचं रिसॉर्ट रजेच्या तरतुदींच्या बाहेर पडलं. किनाऱ्यावरची बहुतेक रिसॉर्टं अशीच बाहेर पडली असणार. वीस माणसं ठेवणारी इथे किती? मालकांचा फोन आला, "म्हणजे आता रजा द्यायला नको?"

नेमणूकपत्रात लिहून दिलेली रजा ही सेवाशर्त आहे. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या चौथ्या परिशिष्टात भरपगारी रजा आणि सुट्ट्या यांचं नाव घेतलेलं होतं, आणि कलम ९-अ प्रमाणे त्यात कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. तिच्यात कलम ४० मध्ये हीच तरतूद आहे. एका फोनवर किंवा ग्रुपवरच्या सूचनेवर ही रजा काढून घेता येत नाही. नोटीस दिली तर कामगार वाद उभा करू शकतात, आणि गणपतीच्या आधी स्वयंपाकघर रिकामं पडलं तर पाहुण्यांना काय वाढणार, हा प्रश्न कायद्याबाहेरचा असला तरी मालकांनी स्वतःच काढला.

त्यांनी नोटीस दिली नाही. २०२६ च्या सणांची यादी या वेळी डिसेंबरातच ठरली, चतुर्थी १४ सप्टेंबरची धरून. सुट्टीवालीच्या वीसामागे एक रजेचा विषय मी पुन्हा काढला आहे. सातऐवजी चार दिवसांवर मालक विचार करायला तयार आहेत. ती पाचावर अडली आहे.